पाठ नसलेली माणसं

“बोलत नाय ती. पण तिचा माणूस बघ, जमिनीला पाय टेकून चालतो.”

पार्टिशनच्या पलीकडे दमयंती मॅडम फोनवर होत्या. अलीकडे मी हेडफोन लावून बसले होते. हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं. ते लावले की लोक बोलायला येत नाहीत, म्हणून मी लावायचे. मॅडमच्या आवाजाला मात्र हेडफोन, पार्टिशन, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा, यातलं काहीच अडवू शकत नसे.

“माया शिकवलंय मी तिला. आल्या दिवसापासून कामाला बसेल तुझ्याकडे. सोमवारी फोन कर. हो म्हणेल ती. अरे, मी सांगते ना. तिच्या वतीनं मीच हो म्हणते.”

तो शुक्रवार होता. फोनवर मुंबईतला त्यांचा जुना सहकारी होता. सिनेमांसाठी कॉम्प्युटरवर माणसं, जनावरं, पूर, आगी तयार करणाऱ्या एका कंपनीत तो होता आणि मॅडमनीही पूर्वी तिथेच काम केलं होतं. मला तिथे लावायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की पुण्यातल्या एका छोट्या गेम कंपनीने माझं काम इंटरनेटवर पाहून मला थेट विचारलं होतं आणि त्यांनाही सोमवारीच उत्तर हवं होतं. मला पुण्याला जायचं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मुंबईची कंपनी माया या सॉफ्टवेअरवर काम करायची. ते वर्षाच्या भाड्याने घ्यावं लागतं आणि सिनेमाच्या मोठ्या कंपन्यांमध्ये बहुतेक तेच असतं. पुण्याची कंपनी ब्लेंडरवर काम करायची. ते फुकट मिळतं. बोईसरमध्ये कुणालाही हे सांगितलं असतं, तर हा दोन सॉफ्टवेअरमधला प्रश्न आहे असं त्यांना वाटलं असतं आणि फुकट असेल ते कमी प्रतीचं, असं म्हणून त्यांनी तो सोडवूनही टाकला असता.

मॅडमचा ॲनिमेशनचा क्लास बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, एका मेडिकलच्या दुकानावर होता. शिकायला येणारी मुलं एमआयडीसीतल्या कामगारांची, आसपासच्या गावांतली आणि माझ्यासारखी दोन-तीन पॉवर प्लँटच्या कॉलनीतली. मॅडम स्वतः पालघरजवळच्या माहीमच्या. त्यांचे वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, आणि आई पालघरच्या बाजारात मासे विकायची. अशा घरातल्या मॅडमना बोट लागायची, पाण्यावर मळमळायचं. नुसती बोट नाही, चाकांची खुर्चीसुद्धा लागायची. क्लासमधल्या त्यांच्या खुर्चीची चाकं त्यांनी जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोरीने आवळून बांधली होती. “तांडेलाची पोर हाय मी, पण वाळूवरची,” असं त्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या, म्हणजे नंतर कुणी त्या दोरीवर विनोद करू नयेत. विनोद करायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

आमच्या कामाला त्या नावं ठेवायच्या, ती अशी. कुणाचं पात्र चालताना घसरल्यासारखं दिसलं तर, “बर्फाच्या कारखान्यातला हाय का हा?” कुणाच्या पात्राचे हात मेल्यासारखे लोंबत असले तर, “हात कुठं हायत? हे तर बोंबील वाळत घातलेत.” मुलं हसायची आणि ज्याचे बोंबील असतील तोही हसायचा, कारण पाच मिनिटांत मॅडम त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसलेल्या असायच्या आणि पात्राचा खांदा कुठून सुटतो हे स्वतःचा खांदा फिरवून दाखवत असायच्या.

मुंबई का सोडली, याचं प्रत्येकाला त्या वेगळं कारण द्यायच्या. कुणाला आईचे गुडघे, कुणाला स्वतःचे डोळे, कुणाला “मुंबईत मासे शिळे मिळतात”. मला त्यांनी कुठलंच कारण सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

मला क्लासला घातलं तेव्हा बाबा बरोबर आले होते. बाबा प्लँटच्या स्टोअर्समध्ये आहेत. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण माझा जन्म कॉलनीतला, शाळा इंग्रजी माध्यमाची. खुर्चीत टेकल्या टेकल्या बाबांनी विषय काढला.

“मॅडम, आम्ही साधा व्हॉल्व्ह घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवतो. मला एवढंच सांगा, यातलं सर्वांत चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?”

“कशासाठी?”

“नोकरीसाठी.”

“तुमी व्हॉल्व्ह कुठला घेता?”

“ते लाइनवर आहे. वाफेला वेगळा, पाण्याला वेगळा, ॲसिडला तर एकदम वेगळा.”

“मग तुमाला सगळं कळतंय की. उगाच माझा वेळ घेता.”

बाबा चपापले आणि मग खूश झाले. आपल्याला सगळं कळतं असं कुणी बाबांना फारसं म्हणत नाही. मॅडमनी त्यांचं नेहमीचं वाक्य म्हटलं, जे मी नंतर इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणू शकेन. “कुठला मासा धरायचा ते आधी ठरवा. जाळं मग बघू. बोंबलाचं जाळं वेगळं, पापलेटचं वेगळं. दुकानात जाऊन सर्वांत चांगलं जाळं द्या म्हटलं तर दुकानदार हसेल तरी, नायतर सर्वांत महाग देईल तरी.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुला काय करायचंय, बाय?”

माझी अडचण अशी होती की, कुणी काही विचारलं की माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं. मग मी ते मनात मराठीत करायचे, ते पुस्तकी वाटतंय का ते पाहायचे आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. त्या दिवशीही तसंच झालं.

“तिला ॲनिमेशन करायचंय,” बाबा म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. प्रश्न विचारून झाला होता, उत्तर आलं होतं. कुणाकडून आलं, हे त्या दिवशी आम्हा तिघांपैकी कुणालाच महत्त्वाचं वाटलं नाही.

पहिले काही आठवडे कॉम्प्युटर चालू करायला मनाई असे. त्याऐवजी चालायचा तास. संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटायची तेव्हा मॅडम आम्हाला एमआयडीसीच्या रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसवायच्या आणि माणसं बघायला लावायच्या. “तो निळा शर्ट. त्याचं काय दुखतंय?” “ती दोघं बोलतायत. साहेब कुठला?” आणि खरंच, आवाज ऐकू येत नसताना चालण्यावरून ते कळायचं. मला हा तास सगळ्यात आवडायचा. लोकांकडे नुसतं पाहत बसायचं आणि बोलायचं नाही, ही माझी जन्माची सवय तिथे पहिल्यांदा अभ्यास ठरली.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन चालणारी कोळीण. मी शहाणपणा केला. इंटरनेटवरून बाईच्या चालण्याची तयार हालचाल उतरवून घेतली, तिच्या डोक्यावर पाटी ठेवली आणि एक हात वर करून पाटीला लावला. छान दिसत होती. चालता चालता ती मान वळवून बाजूला बघायची, हे मी खास घातलं होतं, जिवंत वाटावी म्हणून.

मॅडमनी पाहिलं आणि काहीच नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या माहीमहून येताना पाटी घेऊन आल्या. त्यात ओली वाळू भरली, माझ्या डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली आणि वर ती पाटी चढवली. “चाल. जिन्यापर्यंत जा नि ये.”

मी निघाले. तिसऱ्या पावलाला मानेला कळ आली आणि कळलं की आता मान माझी राहिलेली नाही. डोळे फिरत होते, मान फिरत नव्हती. बघायचं असेल तर अख्खं अंग वळवावं लागत होतं. मागून मॅडम ओरडल्या, “काय गं, इकडंतिकडं बघ ना. जिवंत वाटू दे.” सगळा क्लास हसला. मला हसू आलं, पण हसले असते तर वाळू पडली असती.

परत आल्यावर त्यांनी पाटी उतरवली आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हळू, म्हणाल्या, “माझी आय बाजारात जाताना रस्त्यात कुणी हाक मारली तर वळत नाय. तशीच पुढं बघत बोलते. लोकांना वाटतं, गर्विष्ठ हाय.”

मी कोळीण पुन्हा केली. शुक्रवारच्या फोनवर ‘जमिनीला पाय टेकून चालतो’ असं त्या सांगत होत्या, ते हिच्याबद्दल. मॅडम फोनवर ‘तिचा माणूस’ म्हणाल्या, कारण पात्र कुठलंही असो, त्या माणूसच म्हणायच्या.

क्लासमध्ये फुकटचं ब्लेंडर शिकवतात म्हणून मॅडमना लोक हट्टी समजायचे. त्या हट्टी होत्याच, पण त्या बाबतीत नाही. आमच्यात नितेश नावाचा मुलगा होता, तारापूरचा. दर महिन्याला तो नवं सॉफ्टवेअर उतरवायचा, चार दिवस चालवायचा आणि पहिल्यापेक्षा हे भारी, असं सगळ्यांना सांगत सुटायचा. मॅडम त्याला ‘डाउनलोड’ म्हणायच्या. त्याची पात्रं कशातही बनवली तरी बोंबीलच असायची. एकदा त्याने कारखान्याचं चित्र केलं आणि चिमणीतून धूर काढला. मॅडम त्या धुरासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“डाउनलोड, हा धूर वाऱ्याला वळलाय.”

“हो मॅडम. समुद्राकडनं वारा हाय ना, संध्याकाळचा.”

“माणसं सोड तू. तुला धूर येतो. तारापूरच्या पोराला दुसरं काय येणार म्हणा.” आणि सगळे हसत असतानाच त्यांनी त्याला सांगितलं की, धूर, पाणी, आग यांच्यासाठी सिनेमावाले हुडिनी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, ते अवघड आहे, इथे कुणालाच येत नाही, त्यांनाही नाही. “मी तुला शिकवू शकत नाय. मी सांगते तिथं जा.” क्लासची फी भरणारा मुलगा त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरीकडे पाठवला. आज तो सिनेमांसाठी पूर तयार करतो.

मला मात्र त्यांनी जवळ ठेवलं. दुपारी क्लास रिकामा असायचा तेव्हा मायाची शिकणाऱ्यांसाठीची प्रत त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर घातली आणि मला एकटीलाच शिकवायला लागल्या. का, ते सांगितलं नाही. त्यात त्यांचे हात वेगळेच चालायचे. ब्लेंडरमध्ये त्या शिक्षिका होत्या. मायात त्या घरी आल्यासारख्या व्हायच्या, दिवा न लावता स्वयंपाकघरात वावरावं तशा.

अशाच एका दुपारी त्यांनी जुन्या डिस्कवरचं एक मॉडेल उघडलं. एका सिनेमासाठी त्यांनी केलेली राजवाड्यातली दासी. चेहऱ्यावरचा घाम, नाकातल्या चमकीचा खडा, पदराचा काठ, सगळं इतकं खरं की मी खुर्ची पुढे ओढली.

“फिरव,” मॅडम म्हणाल्या.

मी मॉडेल फिरवलं. मागे काही नव्हतं. कानापाशी चेहरा संपत होता आणि आत पोकळ, करड्या रंगाचं, मुखवट्याच्या आतल्या बाजूसारखं. पाठ नव्हती, वेणी नव्हती.

“कॅमेरा मागं जाणारच नव्हता,” त्या म्हणाल्या. “मग कशाला करायची? वेळ कुठं असतो. इतकी वर्षं मी पाठ नसलेली माणसं केली, बाय.” मग लगेच, “चांगली केली हां. पुढून बघितलीस ना?”

“खूप चांगली आहे,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्या खूश झाल्या आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी क्लासमध्ये कधी सांगितली नव्हती. त्यांचं काम असलेला पहिला सिनेमा लागला तेव्हा त्या आईला घेऊन गेल्या. सिनेमा संपला, लोक उठले, या दोघी बसून राहिल्या. शेवटी नावं यायला लागली. इतकी नावं, इतकी बारीक, इतकी भरभर, की आईला वाचताच येईनात. मधेच दिवे लागले आणि झाडूवाला आला. आई म्हणाली, “तुझं नाव येऊन गेलं का?” मॅडम म्हणाल्या, “गेलं.” त्यांनाही दिसलं नव्हतं.

“तुझं मी बघीन,” त्या मला म्हणाल्या. “झाडूवाला आला तरी उठणार नाय.”

तेव्हा मला कळलं, दुपारचं माया कशासाठी आहे ते. आणि त्याच दुपारी, त्याच दासीमुळे, मला काय हवंय तेही कळलं. आम्ही क्लासमधली मुलं खेळायचो त्या गेममध्ये कॅमेरा बहुतेक वेळ पात्राच्या मागेच असतो. खेळणाऱ्याला तासन्‌तास दिसते ती पाठ. चेहरा कधीतरी. शिवाय पात्र कुठे थांबेल, कुठे वळेल, हे खेळणारा ठरवतो. त्यामुळे ते सगळीकडून खरं असावं लागतं, कुणी बघत नसेल तिथूनही. मला तसं काम करायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे मॅडमना त्या थिएटरमधून उठवायचं.

त्यात गंमत ही, की जगाला ‘आधी काय करायचंय ते सांग’ म्हणणाऱ्या मॅडमनी मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. बाबांनी दिलेल्या उत्तरापुढचं उत्तर त्यांनी स्वतःच भरलं. त्यांचं मी चुकीचं म्हणत नाही. गप्प माणसाच्या जागी बोलायची सवय आजूबाजूच्या सगळ्यांना लागते आणि त्यात प्रेमही असतं. खूप नंतर एकदा नितेश भेटला तेव्हा सांगत होता, मॅडम आता नव्या मुलांच्या आईवडिलांना जिन्यात बसवतात, मुलाला एकट्याला आत घेतात, प्रश्न विचारतात आणि चक्क गप्प बसून राहतात. “त्यांना एवढा वेळ गप्प मी कधी बघितलं नव्हतं,” तो म्हणाला. का ते त्याला माहीत नव्हतं.

तर, तो फोन ऐकल्यानंतरचा शनिवार मी मॅडमना मेसेज लिहिण्यात घालवला. इंग्रजीत तो राजीनाम्यासारखा वाटत होता आणि मराठीत तक्रारीसारखा. रविवारी सकाळी मी पालघरला उतरले आणि माहीमची एसटी धरली.

मॅडम किनाऱ्यावरच सापडल्या. भरती उतरली होती, त्यांच्या भावाची बोट लागलेली होती. क्लासमध्ये पंजाबी ड्रेसमध्ये दिसणाऱ्या मॅडम इथे मळक्या गाऊनवर ओढणी खोचून माशांची पाटी भरत होत्या. मागे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, थेट आमच्या पात्रांच्या हातांसारखे.

“अगं बाय, तू इथं? जेवूनच जायचं आता. ती पिशवी उचल आधी.”

भावाने पाटी त्यांच्या डोक्यावर चढवून दिली आणि त्या चालू लागल्या. मी पिशवी घेऊन मागे. त्या बोलतच होत्या. उद्या फोन आला की काय म्हणायचं, मुंबईत पहिले दिवस कुणाकडे राहायचं, बाबांना काय सांगायचं.

“तुझ्या बाबांना म्हणावं, कोटेशन एकच आलंय, पण पास हाय.”

“मॅडम,” मी म्हटलं.

“आणि तिथं पहिल्या दिवशी चाकांची खुर्ची देतील. आवडली नाय तरी बोलू नको.”

“मॅडम, मला तुम्हाला काही सांगायचंय.”

एरवी त्या वळल्या असत्या, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असतं आणि मी काय म्हणणार ते मला सांगून टाकलं असतं. पण डोक्यावर पाटी होती. मान वळणार नव्हती. त्या तशाच पुढे बघत म्हणाल्या, “बोल की.” आणि गप्प झाल्या.

ओल्या वाळूत त्यांच्या टाचा खोल रुतत होत्या आणि बोटांपाशी वाळू सुटत होती. गाऊन पाठीला चिकटला होता. कमरेपासून मानेपर्यंत काहीतरी ताणलेलं, सावरलेलं, सतत थोडं थोडं बदलत होतं. पुढून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. मी इतके दिवस त्यांच्याकडून शिकले आणि त्यांना मागून नीट कधी पाहिलंच नव्हतं.

त्या वाट पाहत चालत होत्या. या वेळी वाक्य आधी इंग्रजीत आलं नाही.

“मॅडम, मी पुण्याला जाते, गेमच्या कामाला. मला पाठ असलेली माणसं करायची आहेत.”